निडारोसचे आर्चबिशप एयस्टाइन

विद्यार्थी मित्रहो, चरित्र वाचताना एक प्रश्न सतत जवळ बाळगा : ही माहिती कोणी लिहून ठेवली? नॉर्वेचे बाराव्या शतकातील आर्चबिशप एयस्टाइन एर्लेंडसन यांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांच्याविषयीचा थोडा मजकूर त्यांचा स्वतःचा आहे. पुष्कळसा मात्र त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या छायेत लिहिला गेला.

निडारोस म्हणजे आजचे ट्रॉन्डहाइम. संत मानले गेलेले राजे ओलाव्ह यांचे अवशेष तेथे होते, म्हणून तेथे यात्रेकरूंची गर्दी असे. ११५२-५३ मध्ये नॉर्वेला स्वतःचे आर्चबिशपपद मिळाले. पहिले आर्चबिशप ११५७ मध्ये वारले आणि त्या जागी एयस्टाइन यांची निवड झाली. त्यापूर्वी ते राजे इंगे यांच्या सेवेत धर्मोपदेशक होते. ११६१ मध्ये पोप तिसरे अलेक्झांडर यांच्याकडून त्यांना पदाचे अधिकारवस्त्र मिळाले. त्याच वर्षी इंगे मारले गेले. देशात यादवी माजली होती, कारण राजाचा कोणताही पुत्र, औरस असो वा अनौरस, गादीवर हक्क सांगू शकत असे.

एर्लिंग स्काक्के या बलाढ्य सरदाराला आपला बालपुत्र माग्नुस गादीवर हवा होता. अडचण अशी, की माग्नुस राजपुत्र नव्हता. त्याचे राजरक्त आईकडून आलेले होते. या दोघांत झालेली बोलणी आइसलँडचे इतिहासकार स्नॉरी यांनी रंगवली आहेत, आणि तो प्रसंग तुम्ही मुळातून वाचावा असा आहे. एयस्टाइन यांनी धर्मपीठाला मिळणारा दंड चलनी नाण्यांऐवजी शुद्ध चांदीत घेण्यास सुरुवात केली होती. त्यामुळे उत्पन्न जवळजवळ दुप्पट झाले. हे ओलाव्हच्या कायद्यात बसते काय, असे एर्लिंगने विचारले. लोकांनी संमती दिली आहे, असे उत्तर आले. मग राजपुत्र नसलेल्याला राजा करणेही त्याच न्यायाने चालून जावे, असा एर्लिंगचा रोख होता. एकाला चांदी हवी होती, दुसऱ्याला मुकुट. व्यवहार जमला. स्नॉरी कोणालाच दोष देत नाहीत. दोघांचे बोलणे समोर मांडून बाजूला होतात.

११६३ च्या सुमारास बर्गेन येथे सात-आठ वर्षांच्या माग्नुसचा राज्याभिषेक झाला. स्कँडिनेव्हियातील हा पहिलाच राज्याभिषेक. नव्या वारसा-नियमात औरस पुत्राला अग्रक्रम मिळाला आणि राजाच्या निवडीत बिशपांचा शब्द वजनदार ठरला. धर्मपीठाची प्रतिष्ठा वाढली हे खरे. पण ती एका घराण्याच्या नशिबाशी बांधली गेली, हेही लक्षात घ्या.

ते नशीब फिरले. फेरो बेटांतून आलेल्या स्वेर्रे यांनी स्वतःला राजपुत्र म्हणवून गादीवर दावा सांगितला. ११७९ मध्ये एर्लिंग निडारोस येथेच मारला गेला आणि पुढच्या वर्षी एयस्टाइन इंग्लंडला निघून गेले. बरी सेंट एडमंड्सच्या मठात त्यांचे काही महिने गेले. राजे दुसरे हेन्री यांच्या आज्ञेने त्यांना रोज दहा शिलिंग मिळत. मठाधिपतीची जागा तेव्हा रिकामी होती. मठवासीयांना आपला प्रमुख मोकळेपणाने निवडता यावा म्हणून या परक्या पाहुण्याने साहाय्य केले, असे त्या मठातील एका बखरकाराने नोंदवले आहे. देश गमावला तरी तत्त्वाचा आग्रह सुटला नव्हता, असे मला येथे वाटते.

संत ओलाव्ह यांच्या हौतात्म्यावरील व चमत्कारांवरील लॅटिन ग्रंथाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यातील एक प्रकरण ते स्वतःच्या तोंडून सांगतात : कॅथीड्रलचे काम पाहायला चढले असता परांची कोसळली, ते जबर जखमी झाले आणि ओलाव्हच्या कृपेने लवकरच उठून उभे राहिले. संतचरित्रात लेखकाने स्वतःच रुग्ण म्हणून यावे, हे तुमच्या अभ्यासाच्या दृष्टीने टिपून ठेवा.

११८३ मध्ये ते परतले, स्वेर्रेंशी तडजोड केली आणि कॅथीड्रलच्या कामाला लागले. त्या वास्तूवर इंग्लंडमधील बांधणीचा ठसा दिसतो. पुढच्याच वर्षी माग्नुस एका आरमारी लढाईत मारला गेला. एयस्टाइन २६ जानेवारी ११८८ रोजी वारले. मृत्युशय्येवर त्यांनी राजाशी पूर्ण समेट केला, असे स्वेर्रेंची गाथा सांगते. या गाथेचा आरंभीचा भाग खुद्द स्वेर्रेंच्या देखरेखीखाली लिहिला गेला होता. १२२९ मध्ये नॉर्वेच्या धर्मसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. रोमने मात्र त्या काळी त्यावर शिक्कामोर्तब केले नाही.