अण्णासाहेब लठ्ठे : व्रताचा हिशेब मांडणारे अर्थमंत्री

१८७८ साली कुरुंदवाड येथे जन्मलेले अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे हे १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आद्य धुरीण. राजर्षी शाहू महाराजांचे चरित्रकार व कोल्हापूरचे दिवाण म्हणून त्यांची ख्याती झाली.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. हसनाबाद परिसर तेव्हा निजामी अमलाखाली होता. लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांना बांधील असलेला मंत्री येथील रयतेस लाभला नव्हता. मुंबईत मात्र कसोटीचा प्रश्न उभा राहिला. आरोग्य व अबकारी मंत्री डॉ. गिल्डर यांनी दारूबंदी हाती घेतली. मद्यत्याग हा जैन श्रावकाचा आचार; पण दारूच्या उत्पन्नावर सरकारी खजिना आणि धंद्यावर अनेकांचा रोजगार अवलंबून होता. ही तूट कोण भरणार, याचे उत्तर अर्थमंत्र्यांनी द्यायचे होते. अण्णासाहेबांनी शहरी स्थावर मिळकतीवर दहा टक्के कर बसविला. मालमत्ताधारकांचा रोष पत्करून १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी अमलात आली. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९५० साली अण्णासाहेब निवर्तले.

व्रत समाजाचे व्हावयाचे, तर त्याचा भार समर्थांनी उचलावा, हीच त्यांच्या कारकिर्दीची शिकवण होय.