विश्लेषण : निरशा दुधातला धोका सांगणाऱ्या ॲलिस इव्हान्स यांच्यावर तज्ज्ञांचा विश्वास का बसला नाही?

गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभडली, वार अडकली, की पशुवैद्यकाला ब्रुसेलोसिसची शंका येते. हा रोग गोठ्यातून माणसापर्यंत येतो, हे आज सर्वमान्य आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र तसे सांगणाऱ्या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्स यांचे म्हणणे तज्ज्ञांनीच नाकारले होते.

कोण होत्या इव्हान्स?

1881 मध्ये पेनसिल्व्हेनियातील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. काही वर्षे शिक्षिकेची नोकरी करून त्या सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळल्या. 1910 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर अमेरिकेच्या कृषी खात्यात दूध आणि चीजमधील जिवाणूंचा अभ्यास त्यांनी सुरू केला.

शोध काय होता?

माणसांना होणाऱ्या माल्टा तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला होता. तो शेळीच्या दुधातून पसरतो, हेही पुढे कळले. गायींच्या गर्भपाताचा जिवाणू बर्नहार्ड बँग यांना 1897 मध्ये सापडला. या दोघांचा संबंध नाही, असेच मानले जाई. इव्हान्स यांनी दोन्ही ताडून पाहिले, तर ते जवळपास सारखेच निघाले. वरून निरोगी दिसणाऱ्या गायीच्या दुधातही हा जिवाणू असू शकतो, म्हणून दूध पाश्चरीकरण करूनच वापरावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1917 मध्ये त्यांनी हे संशोधन मांडले.

विरोध का झाला?

इतके साम्य असते तर आधीच कुणाच्या लक्षात आले असते, असा आक्षेप होता. त्यात इव्हान्स स्त्री, शिवाय डॉक्टरेट नसलेल्या. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञही विरोधात होते. दूध व्यावसायिकांनाही पाश्चरीकरणाची सक्ती नको होती.

किंमत कोणी मोजली?

1922 मध्ये प्रयोगशाळेत काम करताना खुद्द इव्हान्स यांनाच हा संसर्ग झाला. ताप आणि वेदना वर्षानुवर्षे उलटत राहिल्या. रोगाची ओळखच नसल्याने डॉक्टरांनी सुरुवातीला तो मज्जातंतूंचा थकवा ठरवला. दरम्यान इतर संशोधकांनी त्यांचे निष्कर्ष पडताळले आणि ते खरे ठरले. 1928 मध्ये त्या अमेरिकी जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पुढच्या दशकात अमेरिकेत पाश्चरीकरण रुजले. 1975 मध्ये, 94 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज गोठ्यात काय करावे?

भारतात गाय-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. नर वासरांना व गाभण जनावरांना ती देत नाहीत. जनावर गाभडल्यास वार आणि मृत वासरू उघड्या हातांनी उचलू नये, ते खोल पुरावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. धारोष्ण दुधाचे कौतुक कितीही असले, तरी दूध उकळूनच प्यावे. दिसायला धडधाकट गायही हा रोग देऊ शकते.