सर दोराबजी टाटा

जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्याने ज्यांचे नाव सर्वतोमुखी केले, ते सर दोराबजी १८५९ साली मुंबईस जन्मले. १९२४ साली कारखाना बुडू लागला, तेव्हा त्यांनी आपली मालमत्ता व पत्नी मेहेरबाईंचे अलंकारही गहाण टाकिले. १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पदरी अपत्य नव्हते. पुढील वर्षी दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनार्थ पत्नीच्या नावे निधी ठेविला आणि महायुद्धाची वैरे अद्याप विझली नसता त्याचा मोठा भाग देशोदेशींच्या संशोधकांसाठी राखिला! उरलेली बहुतेक संपत्ती, त्या अलंकारांसह, त्यांनी जातिधर्मभेद न पाहता दानार्थ दिली व त्याच साली ते जर्मनीत निवर्तले. त्या दानातून १९४१ साली मुंबईत कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. आपल्या येडशीजवळच्या बार्शीस खेड्यापाड्यांतील कर्करुग्णांची नोंद १९८७ साली सुरू झाली, ती याच रुग्णालयाच्या साहाय्याने.