डॉ. कमला सोहोनी : एका वर्षाची परीक्षा

आमच्या पुणतांब्याला गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. एवढे मोठे योगी, पण त्यांनी लहानग्या मुक्ताबाईला गुरू केलं, ही गोष्ट गावात पोरासोरांनाही माहीत असते. कमला सोहोनींबद्दल वाचताना मला तीच आठवली.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांची थोरली बहीण. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी चक्क नकार दिला! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही. हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षाने रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

पुढे केंब्रिज. बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या श्वसनात सायटोक्रोम सी हे प्रथिन भाग घेतं. पेशीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारा हा जणू हमालच. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध म्हणे फक्त ४० पानांचा! (आपले प्रोजेक्ट रिपोर्ट आठवा.) डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून १४ वर्षं होती. आज आपण वाचतो की वनस्पतींत काही प्रथिनं डीएनएवर मिथाइलची खूण लावून जीन गप्प करतात, तर काही ती खूण पुसतात. पण प्रथिन वेगळं काढायचं आणि ते नेमकं काय करतं ते बघायचं, ही वाट कमलाबाईंच्या पिढीने चालून दाखवली.

लग्नानंतर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागल्या. नीरेतल्या पोषक घटकांवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी संचालकपद मिळायला काही वर्षं वाट पाहावी लागली. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

चांगदेवांनी मोठेपणा बाजूला ठेवला, रामननीही ठेवला. पण तिथपर्यंत पोचायला एका मुलीला वर्षभर परीक्षा द्यावी लागली. आज आपल्या लॅबमध्ये मुली सहज येतात-जातात, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.