इचलकरंजीची ‘मीरा’

सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याचं मॉडेल बंद पडतं, त्याला मी शंकरराव कुलकर्णींची गोष्ट हमखास सांगतो. माझंही पडलं होतं ना, म्हणून!

शंकरराव इचलकरंजीचे. शिक्षण जेमतेम सातवी. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपणच बनवायची, या ध्यासाने ते १९४५ मध्ये कामाला लागले. १९४९ मध्ये पहिली दोन सीटची गाडी तयार झाली. स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन, इंजिन मागे आणि तेही हवेवर थंड होणारं. पण त्याचा आवाज फार! झालं, पुढे पाण्यावर थंड होणारं इंजिन बसवलं. गाडी बनवायची, रस्त्यावर पळवायची, दोष शोधायचा, पुन्हा बनवायची... असं सुमारे पंचवीस वर्षं चाललं. ‘मीरा’ रस्त्यावर धावली, पण लायसन्स-परमिटच्या त्या काळात तिचं कारखान्यात उत्पादन काही सुरू झालं नाही.

मग शंकरराव हरले का? मला तसं वाटत नाही.

आम्ही तिघं सध्या एक जुनी गाडी कात्रजच्या घाटात चढवायच्या मागे आहोत. कार्बोरेटर, ब्रेक, रेडिएटर सगळं एकदम बदलायचा बेत होता. पण मग गाडी सुधारली कशामुळे, हे कळणार कसं? म्हणून आता एका वेळी एकच बदल, मग घाट, मग वहीत नोंद. गाडी बंद पडली तर तेही लिहायचं, आणि ढकलत खाली आणायची. ढकलायला कोण येतंय?