नाव बापूरावांचं, गळा पवळाबाईंचा

मैत्रिणींनो, आमचं खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ ची लढाई आठवते. त्या लढाईवर संगमनेरच्या अनंत फंदींनी पोवाडा रचला. दोनशे वर्षं उलटली तरी असे पोवाडे कुणाचे हे आपल्याला कळतं, कारण शाहीर शेवटी आपलं नाव गुंफून ठेवायचे. रेकॉर्डवर, कॅसेटवर नावं छापायची सोय फार पुढची. तेव्हा ही शेवटची ओळ म्हणजेच कवीची सही.

पण गाणाऱ्याचं काय? त्यात गाणारी बाई असली तर?

त्याच संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावात १८७० साली पवळाबाई भालेराव जन्मल्या. घर महाराचं, परिस्थिती गरिबीची. लहानपणीच त्यांना खंडोबाची मुरळी म्हणून वाहिलं गेलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. रूप देखणं, आवाज खणखणीत. त्या काळी तमाशात बाई नसे. नाच्या पोऱ्याच लुगडं नेसून, चाळ बांधून उभा राहायचा. तिथं पवळाबाई उभ्या राहिल्या. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून आज त्यांचंच नाव घेतात.

मग त्यांची गाठ पडली पठ्ठे बापूरावांशी. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. ब्राह्मणाचा मुलगा, कुलकर्णीपणाचं वतन, सगळं सोडून तमाशात शिरले. लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मान्यच करायला हवं. ते रचायचे, पवळाबाई गायच्या, नाचायच्या. खेड्यापाड्यांतून आणि मुंबईत ही जोडी अशी गाजली की लोक बैलगाड्या जुंपून यायचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढेही बापूरावांचा 'मिठाराणी'चा वग झाला.

लावणी मात्र संपायची बापूरावांच्या नावानं. टाळ्या पडायच्या त्या गळ्याला, ठसक्याला. कागदावर उरलं ते लिहिणाऱ्याचं नाव. बापूरावांनी दोन लाखांवर लावण्या रचल्या असं सांगतात. हा आकडा मला काही पटत नाही बाई! रोज दहा रचल्या तरी पंचावन्न वर्षं लागतील. शेवटच्या ओळीत गाजलेलं नाव घातलं की कुणाचीही लावणी बापूरावांची होऊन जाते, हेही आहेच. आणि गाताना बाईनं कुठे शब्द फिरवला, कुठे चाल वळवली, त्याची तर नोंदच नाही.

अमेरिकेतही असं घडलंय. 'हाउंड डॉग' हे गाणं १९५३ मध्ये बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात गाजलं. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीनं ते म्हटलं आणि जगानं ते त्याचंच धरलं.

बापूरावांनी जात सोडली, केवढा त्याग केला, हे सगळे लिहितात. पवळाबाईंचं वर्णन मात्र रूपापाशीच थांबतं. साधी गोष्ट बघा, पुस्तकात बापूराव 'ते' असतात आणि पवळा 'ती'. म्हणून मी इथे मुद्दाम 'त्या' लिहितेय.

पुढे दोघांचं बिनसलं. का, याच्या कहाण्या वेगवेगळ्या आहेत आणि बहुतेक पुरुषांनीच सांगितलेल्या. पण पवळाबाई गेल्यावर बापूरावांच्या फडाची रया गेली, यावर सगळ्यांचं एकमत आहे. लावण्या त्याच, लिहिणारा तोच. मग काय कमी पडलं?

बापूरावांनी तमाशाचे पैसे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीला देऊ केले, तेव्हा आपल्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असंही सांगितलं जातं. म्हणजे कमाई कुणाच्या पायांवर उभी होती, हे ओळखणारं कुणी तरी होतं.

अलीकडे आपल्याच जिल्ह्यात, पोहेगावला जन्मलेल्या अभ्यासक शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात पवळाबाई आहेत, नुसत्या बापूरावांच्या सोबतीण म्हणून नाहीत. २०२४ मध्ये पाईक यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली.

पवळाबाई ६ डिसेंबर १९३९ रोजी गेल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. बापूराव १९४५ मध्ये गेले, तेही हलाखीतच. पाच वर्षांनी सिनेमा निघाला. त्याचं नाव 'पठ्ठे बापूराव'.