मोजपट्टीने माणसाची पायरी ठरते का? इरावती कर्वेंनी बर्लिनमध्ये दाखवून दिलं

1920 च्या दशकाचा शेवट. पुण्याच्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांचे वंशाबद्दलचे विचार पुढे नाझींनी उचलून धरले. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्यांचा मेंदू एका बाजूला जास्त वाढलेला असतो, म्हणून ते जास्त बुद्धिमान, असं फिशर यांचं म्हणणं होतं.

इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. कवट्यांच्या दोन बाजूंत फरक होता, पण त्याचा वंशाशी संबंध दिसला नाही. गाईडच्या विरोधात जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला.

यातली मेख काय? 1946 मध्ये अमेरिकेतल्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी मोजमापाचे चार स्तर सांगितले. गोंदियाच्या धानावरून ते समजून घेऊ.

नॉमिनल: धानाच्या वाणाचं नाव. फक्त वेगळेपण कळतं.
ऑर्डिनल: सरकारी खरेदीतले 'अ' आणि 'साधारण' हे दर्जे. वर-खाली कळतं, कितीने ते नाही.
इंटरव्हल: गोदामातलं तापमान. 40 अंश सेल्सिअस हे 20 अंशांच्या दुप्पट गरम नसतं, कारण तिथला शून्य माणसाने ठरवलेला आहे.
रेशो: वजन. 40 क्विंटल म्हणजे 20 च्या दुप्पटच.

कवटीचे मिलिमीटर रेशो, वंशाचं नाव नॉमिनल. या दोन्हींतून श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम आपोआप निघत नाही. फिशर यांनी तो आधीच गृहीत धरला होता.

1905 मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या इरावतीबाई महर्षी कर्वेंच्या सूनबाई. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनावर वि. म. दांडेकरांसोबतचं त्यांचं पुस्तक 1951 मध्ये आलं. 'कुंभार' या एकाच नावाखाली एकमेकांत लग्न न करणारे वेगवेगळे गट आहेत, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे नावाचा रकानासुद्धा तपासून घ्यावा लागतो. 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या गेल्या.

पुढच्या वेळी एखाद्या फॉर्ममध्ये जातीपुढे 1, 2, 3 असे कोड दिसले, तर एवढं ध्यानात ठेवा: तिथे 3 हा 1 पेक्षा मोठा नसतो आणि 1 हा पहिला नसतो.